कानसेनाची हातोडी

चौकात बसवलेली एकही फरशी कानसेनाने ठोकून पाहिल्याशिवाय पास होत नसे. कानसेन हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते कारागिरांनी थट्टेने ठेवलं आणि पुढे असं चिकटलं, की बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे कानसेन" म्हणायची.

गावातले चौक आता खाणीतल्या दगडाने फरसबंद होत होते. सिमेंटचे ठोकळे कारखान्यातून एकसारखे येतात. ते बसवायला अक्कल लागत नाही, असं कानसेनाचं स्पष्ट मत. खाणीचा दगड मात्र लहरी. वरून गुळगुळीत, पण खालून इथे जाड तर तिथे पातळ. प्रत्येक फरशीखाली तिच्या अंगाप्रमाणे सिमेंट-वाळूचा मसाला पसरावा लागतो. कुठे कमी पडला तर खाली पोकळी राहते, आणि वरून बघून ती कुणाच्या बापाला कळत नाही. ती फक्त ऐकू येते. हातोडीचा टोला दिला की भरीव फरशी आखूड, टणक आवाज देते. पोकळ फरशी ढबढबते. कानसेन वाकून टोला द्यायचा, मान जराशी कलती करायचा आणि पोकळ असली तर खडूने फुली मारायचा, नाही तर पुढे सरकायचा. त्याच्या फुलीवर मुकादमही वाद घालत नसे.

या कानाला त्याने फार जपलं होतं, आणि जपता जपताच त्याची वाट लावली होती. दगड कापायचं मशीन सुरू झालं की बाकीचे कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवत. कानसेन नाही. "कान झाकला की दगडाचं बोलणं कळत नाही," असं तो ऐटीत सांगायचा. कापताना पात्याचा सूर बदलला की आत चीर आहे हे त्याला समजे, आणि त्या एका सुरासाठी तो सगळं आयुष्य उघड्या कानांनी मशीनशेजारी उभा राहिला. त्याची मुलगीही याच कामात आली आणि आता कापायच्या मशीनवर असायची. बापाचं बघून तीही टोप्या खिळ्याला टांगून ठेवायची, आणि बापाला त्याचं कौतुक वाटायचं.

उन्हाळ्यात कान गेला. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग बायकोचं स्वयंपाकघरातून बोलणं. "कुठे लक्ष असतं हो तुमचं?" ती करवादायची. शेवटी हातोडीचा आवाज गेला. टोला बसलेला हाताला कळायचा. पण भरीव की पोकळ, काही पत्ता लागत नव्हता. कानसेनाचं धाबं दणाणलं. कान नाही तर हा माणूस चौकात कशाला हवा?

मग त्याने सोंग घेतलं. कुणालाही 'काय?' म्हणून पुन्हा विचारायचं नाही, हा पहिला नियम. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, तो हसला की हसायचं. हातोडी मारायची, मान कलती करायची, आणि कोणता कारागीर निष्काळजी आहे हे आठवून अधूनमधून फुली मारायची. एकदा त्याने एका जुन्या कारागिराच्या चांगल्या भरीव फरशीवर अशीच फुली मारली. त्या बिचाऱ्याने ती निमूटपणे उचलली, पुन्हा बसवली आणि वर म्हणाला, "तुमच्या कानाला मानलं बुवा!" त्या दिवशी कानसेनाला डबा गोड लागला नाही. तरी दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन तो हजर होताच.

अशात मोठ्या चौकातल्या उंच खांबावर दिवे चढवायचा दिवस उजाडला. खांब चौकाच्या मधोमध, म्हणजे क्रेन नव्या फरशीवरच उभी राहणार. क्रेनच्या पाळण्यात बसून वर जाणार होता वायरमन, कानसेनाचा धाकटा भाऊ. तारांचं वेटोळं खांद्यावर टाकून तो पाळण्यात चढला आणि तिथूनच ओरडला, "दादा, फरशी नीट बघ रे! माझं लग्न व्हायचंय अजून!" सगळे हसले, म्हणून कानसेनही हसला.

मुकादमाने त्याला बोलावून क्रेनचा लोखंडी पाय जिथे टेकणार होता ती जागा दाखवली. या वेळी तो तोंडासमोरच उभा होता, त्यामुळे शब्द न् शब्द ओठांवरून कळला. "खाली पोकळ असली तर फरशी फुटेल, पाय धसेल आणि क्रेन कलेल. नीट ऐका आणि सांगा."

कानसेन गुडघ्यावर बसला. टोला दिला. काही नाही. पुन्हा दिला, कोपऱ्यात, मध्ये, दुसऱ्या कोपऱ्यात. हाताला झिणझिण्या आल्या, कानात मात्र गेले कित्येक महिने वाजणारी तीच शिट्टी. ही फरशी कुणी बसवली होती, तेही आठवेना. मान वर केली तर सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने सवयीने मान कलती केली.

"भरीव आहे," तो म्हणाला.

मुकादमाने हात हलवला. पायाखाली ओंडका सरकवला, पाय टेकला आणि क्रेनचा लांब हात वर जाऊ लागला. पाळणा दुकानांच्या पाट्यांच्या वर गेला, मग गच्च्यांच्या वर. भाऊ वाकून खाली हात करत होता. कानसेनाची नजर ओंडक्याखालच्या फरशीवरून हलेना. तिच्या कडेला एक बारीक रेघ होती. ती आधीपासून होती, की आत्ता उमटली? खडूची होती, की चिरेची? आपण वेळ मारून नेली, आणि ती सख्ख्या भावाच्या जिवावर, हे त्याला लख्ख दिसलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

"उतरवा!" तो ओरडला. "त्याला खाली घ्या! आधी खाली घ्या!"

क्रेनवाला गोंधळला. मुकादम धावत आला. "काय झालं? आत्ताच म्हणालात ना, भरीव आहे?"

"मला ऐकू येत नाही." हे वाक्य त्याने इतक्या जोराने म्हटलं, की चौकाच्या टोकाला बसलेली माणसंही वळून बघू लागली. "या फरशीचं नाही, कुठल्याच फरशीचं नाही. उन्हाळ्यापासून येत नाही. मी खोटं बोललो."

पाळणा हळूहळू खाली आला. तो जमिनीला लागेपर्यंत कानसेनाने श्वास घेतला की नाही, कोण जाणे. मुलगी मशीन बंद करून आली होती. क्रेनचा पाय उचलल्यावर तिने बापाच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि टोला दिला; आवाज टणक आला. मग मुकादमाने खात्रीसाठी फरशी उचलायला लावली. खाली मसाला काठोकाठ भरलेला होता. रेघ खडूचीच निघाली.

"अहो, भरीवच आहे की!" मुकादम चिडून म्हणाला. "उगाच सगळ्यांचा जीव टांगणीला लावलात."

"भरीव निघाली," कानसेन म्हणाला. "पण मला माहीत नव्हतं."

मुकादमाने उन्हाळ्यापासूनचं सगळं काम पुन्हा ठोकून बघायचं ठरवलं. मुलगी ओळीने ठोकत निघाली, आणि चौकाच्या टोकाच्या बाकांजवळच्या पट्ट्यात तिने एकामागून एक फुल्या मारल्या. कानसेनाने पास केलेल्या फरश्या होत्या त्या. तो पहार घेऊन तिच्यामागून त्या उचलत राहिला. भाऊ तारांचं वेटोळं खाली ठेवून त्याला हातभार लावायला आला. तो काहीतरी म्हणाला, बहुधा शिवीच असावी, पण पाठीवर हात ठेवून.

उचलताना एक फरशी तुटली, म्हणून नवी कापायची वेळ आली. मुलगी मशीनपाशी गेली आणि नेहमीसारखी उघड्या कानांनी वाकली. कानसेन पहार टाकून धावला. खिळ्यावर टांगलेल्या टोप्यांवर धुळीचा थर बसला होता. त्याने त्या सदऱ्याला पुसल्या आणि स्वतःच्या हाताने तिच्या कानांवर चढवल्या.

तिचे ओठ हलले.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं. सगळ्यांच्या देखत, मोठ्याने.

तिने त्याच्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हटलं, "मग दगड ऐकायचा कधी, बाबा?"

"मशीन थांबलं की," तो म्हणाला. "तोवर थांबायचं. मी थांबलो नाही."