टेलरमास्तरांची हलती सही

माझी ताई हात काढते. चेहरे नाहीत, फुलं नाहीत, फक्त हात, आणि तेही हलते. हे ऐकून कोणी "अय्या, किती गोड!" म्हटलं की मी तिथेच बोलणं थांबवते. पुढचा शब्द "बिचारी" असणार हे मला पाठ झालंय. ताई जन्मापासून बहिरी आहे. बिचारी मात्र मुळीच नाही. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे आणि हातांनी माझी अशी खरडपट्टी काढते की मलाच कानात बोटं घालावीशी वाटतात.

दिवसा ती नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात असते. डॉक्टरांच्या पाट्या, वकिलांच्या पाट्या, "कुत्र्यापासून सावध राहा". मागच्या खोलीत अक्षरं कापायच्या मशीनला लागून तिचं टेबल आहे. प्लास्टिकचा बारीक भुगा तिच्या केसांत, कीबोर्डात आणि डब्यातसुद्धा. जेवायच्या सुट्टीत एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात माउस धरून ती सह्या करते. दुकानाचे मालक त्याला "रिकामे उद्योग" म्हणतात. स्वतः दिवसभर मोबाइलवर पत्ते खेळतात ते वेगळं.

सह्या म्हणजे काय ते सांगते. बहिऱ्या लोकांचा एक जुना फोरम आहे. तिथे कोणी काही लिहिलं की मजकुराखाली त्याची सही येते, म्हणजे एक छोटं हलतं चित्र. इतर फोरमवर लोक मांजरं नि चमचमती अक्षरं लावतात. इथे लोक आपलं खुणेचं नाव लावतात. कागदावरचं नाव सरकारी कामाला. आपल्या माणसांत प्रत्येकाला हातांनी करायचं एक नाव मिळतं, त्याच्या सवयीवरून नाहीतर धंद्यावरून. ताईचं नाव म्हणजे एका बोटाने नाकावरचा चष्मा वर ढकलणं. माझं मी सांगणार नाही.

पाचशे पिक्सेल रुंद, शंभर उंच, वजन शंभर केबीच्या आत. एवढ्याशा पट्टीत ती बारा चित्रं बसवते. आधी माणसाला समोर बसवून त्याचं नाव दहा वेळा करायला लावते, मग त्यातले नेमके क्षण उचलते. शेवटच्या चित्रावर पाऊण सेकंद थांबायचं, नाहीतर नाव कुठे संपलं ते कळत नाही आणि माणूस माश्या हाकलतोय असं वाटतं. हात ज्याचा त्याचाच दिसला पाहिजे. फोरमवरच्या गवंड्याची करंगळी वाकडी आहे, ती सहीतही वाकडीच. अशा तीनशेच्या वर सह्या तिने केल्या, सगळ्या तिच्या स्वतःच्या छोट्या साइटवर ठेवलेल्या; फोरम तिथूनच उचलून दाखवतो.

त्यातली पहिली टेलरमास्तरांची. उजव्या हाताच्या चिमटीत न दिसणारी सुई, मधल्या बोटात पत्र्याची टोपी, आणि दोरा कानाच्याही वरपर्यंत ओढलेला. मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले. फोरमवर त्यांच्या चारशे बारा पोस्ट आहेत आणि प्रत्येकीखाली तो दोरा अजून ओढला जातो. त्यांची बायको, आमची वहिनी, तीही बहिरी. ती रोज सकाळी तोंड धुऊन आधी फोरम उघडते. मास्तरांचा एकही व्हिडिओ नाही. फोटो आहेत, पण त्यांत ते पासपोर्टला बसल्यासारखे ताठ.

आणि एके दिवशी गवंड्याने ताईला एका जाहिरातीचा फोटो पाठवला.

श्रवणयंत्रं विकणारी कंपनी. तिच्या साइटवर, पहिल्याच पानावर, मास्तरांचे हात. वर मोठ्या अक्षरांत: "हातवारे पुरे! आता बोला!" आणि हातांवर लाल फुली.

कानातल्या मशीनशी माझं भांडण नाही. ज्याला हवं त्याने घालावं, सुखाने ऐकावं. पण त्या माणसाने चाळीस वर्षं ज्या हातांनी लोकांचे कपडे शिवले, ज्या हातांनी बायकोशी बोलला, त्यावर फुली? आणि वर "हातवारे"? ते त्याचं नाव होतं! उद्या तुमच्या वडिलांच्या नावावर मी फुली मारली तर चालेल का?

मी पत्र लिहिलं. उत्तर आलं: "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. मोफत श्रवणचाचणीसाठी आमच्या केंद्राला अवश्य भेट द्या." दुसरं पत्र लिहिलं. तेच उत्तर, स्वल्पविरामासकट. माझं डोकं असं फिरलं की मी ताईच्या दुकानातलं स्टूल लाथाडलं आणि अंगठा सुजवून घेतला.

ताई मात्र कंपनीच्या पानामागचा कोड उघडून बघत होती. मग तिने मला जवळ ओढलं. कंपनीच्या शहाण्यांनी चित्र उतरवूनही घेतलं नव्हतं. नुसता त्याचा पत्ता चिकटवून वर फुली ठेवली होती. चित्र अजून ताईच्या साइटवरूनच जात होतं.

"मग बदल की!" मी म्हणाले. "त्याच नावाने दुसरं चित्र ठेव. त्यांच्या पानावर आपोआप दिसेल. चांगली शिवी काढ."

"मास्तरांच्या पोस्टखालीही तेच चित्र आहे," ताईने खुणेने सांगितलं. "एक बदललं की सगळीकडे बदलणार. त्यांची सही वेगळी करायला त्यांचा पासवर्ड लागतो, आणि तो कोणालाच ठाऊक नाही."

फोरम चालवणाऱ्याने लक्ष देणं कधीच सोडलंय. म्हणजे कंपनीचं तोंड बंद करायचं तर वहिनीच्या सकाळी मोडायच्या. माझा राग तिथे अडकला.

आम्ही वहिनीकडे गेलो. शिलाई मशीन खिडकीशी तसंच होतं. ताईने जाहिरात दाखवली. वहिनीने ती फुली दोनदा बोटाने पुसली, काचेवर डाग असावा तशी. मग तिचा चेहरा लाल झाला.

"जुन्या सहीची एक प्रत तुझ्या मोबाइलमध्ये ठेवते," ताई म्हणाली.

"नको. नुसतं चित्र घेऊन काय करू? वाचत वाचत खाली आले की हात हलतात, तेव्हा वाटतं आत्ताच लिहून उठले." वहिनीने पुन्हा त्या फुलीकडे पाहिलं. मग तिचे हात जोरात सुरू झाले. "गिऱ्हाईक त्यांना सोडून शेजारच्याला विचारायचं ना, 'याला कळतं का काही?' तेव्हा ते काय म्हणायचे? तेच काढ."

ते मलाही माहीत होतं. *मी बहिरा आहे. तू बिनडोक आहेस.*

ताई आठ दिवस रोज संध्याकाळी वहिनीकडे बसली. नमुना समोर नव्हता, फक्त आठवण. "अंगठा इतका सरळ नव्हता," वहिनी म्हणायची. "'तू' म्हणताना खांदा पुढे यायचा." "बोट अजून वर. ते कपाळावर टिचकी मारायचे." सोळा चित्रं झाली, अठ्ठ्याण्णव केबी. नवव्या दिवशी ताईने त्याच नावाने फाइल चढवली.

फोरमवर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मास्तरांनी कधीकाळी लिहिलं होतं, "सर्वांना शुभ सकाळ." आता त्याखाली हात म्हणत होते, तू बिनडोक आहेस. आणि कंपनीच्या पहिल्या पानावर, श्रवणयंत्राच्या शेजारी, तेच.

तेवीस दिवस ते तिथे राहिलं. तेवीस! बहिऱ्या माणसांच्या जिवावर चालणारी कंपनी, आणि आख्ख्या इमारतीत दोन वाक्यं वाचू शकेल असा एक माणूस नाही. शेवटी कुठल्या तरी बहिऱ्या मुलाच्या आईने त्यांना सांगितलं. मग त्यांनी काय करावं? साइटवरच्या नंबरावर ताईला फोन केला.

ताईने थरथरणारा मोबाइल माझ्या हातात दिला. पलीकडे एक साहेब तापले होते. "चित्र ज्यांनी बदललं त्यांनाच द्या."

"त्या बहिऱ्या आहेत," मी म्हणाले.

"मग जरा मोठ्याने सांगा त्यांना!"

मी मोठ्यानेच सांगितलं, पण त्या साहेबांना. काय सांगितलं ते छापण्यासारखं नाही. संध्याकाळपर्यंत जाहिरात पानावरून गेली. माफी नाही, दोन ओळींचं पत्र नाही. माझा राग अजून गेलेला नाही आणि जायचं काही कारणही नाही.

दुसऱ्या दिवशी ताई वहिनीकडे गेली, मीही गेले. "आता जुनी सही परत लावते," ताईने सांगितलं.

वहिनीने तिचा हातच धरला. मग सोडून म्हणाली, "नको. जुनीत ते शिवत बसतात, माझ्याकडे बघतही नाहीत. या सहीत ते माझ्याशी भांडतात." तिने डोळे पदराने पुसले. "रोज सकाळी मला बिनडोक म्हणतात. आणि मी रोज उलटून बोलते."