काचेवरचं कुंकू

पडद्यावर पिवळा चेहरा होता. सुपाएवढा. दात काढून हसणारा. त्याच्याखाली लिहिलेलं, 'पत्नीचे अंत्यदर्शन, व्हिडिओ कॉल. अनुभव : अतिशय समाधानी.'

जपानातल्या निशी-कसाईच्या त्या हॉलात आपली मराठी माणसं टाळ्या वाजवत होती.

ती पत्नी माझी. समाधानी माणूस मी. लेकाशेजारी बसलेला.

माइक धरून उभी असलेली बाई पुण्याची. इथल्या विद्यापीठात संशोधन करते. रोजच्या जगण्यात माणसाला फोन कसा वाटतो, कॉम्प्युटर कसा वाटतो, ते मोजते. वाटणं मोजते म्हणे! मागं ओजिमाला लेकाच्या घरी आलेली. थालीपीठ खाल्लं, वर लोणी मागून घेतलं. माझ्या फोनात काहीतरी घातलं. म्हणाली, "काका, फोन वापरून झाला की प्रश्न येईल. तुम्ही नुसता चेहरा दाबायचा. रडका ते हसरा. लिहायचं काही नाही, तुम्हालासुद्धा जमेल." शाळा किती, विचारलं. चौथी, म्हणालो. "परफेक्ट!" म्हणाली. मला खुळ्याला वाटलं, शाबासकी दिली.

मी नातीला बघायला आलेलो. बायको गावी. गुडघे गेलेले तिचे, विमान झेपलं नसतं. "तुम्ही जाऊन या. पोरगी फोनात दाखवा मला," म्हणाली. रोज दाखवायचो. नात जपानीत बोलायची, ही मराठीत. दोघी हसायच्या. तेव्हा मी हसरा चेहरा दाबला असंल. खरं ते खरं.

एका सकाळी ती गॅसपाशी बसल्या जागी गेली. विमान मिळेना. तिकडं उन्हाळा. मयत किती ठेवणार?

आमच्यात सवाष्ण गेली की शेवटचं कुंकू नवऱ्यानं लावायचं. तो मान दुसऱ्या कुणाचा नाही. मी सुनेचा करंडा उघडला. बोट बुडवलं. पुतण्याला म्हणालो, "फोन तिच्या तोंडाजवळ धर." तिचं कपाळ आलं काचेवर. कोरडं. माझ्यासाठी मोकळं ठेवलेलं. मी बोट नेलं आणि तिकडची रेंज गेली. कपाळ गेलं. त्या जागी पिवळे चेहरे आले. 'कॉल कसा वाटला?' बोट टेकलं ते हसऱ्यावर. त्याच्या थोबाडाला माझ्या बायकोचं कुंकू.

पुन्हा फोन लागला तोवर तिला उचललेलं. बाईनं नंतर त्या कॉलचं विचारलं, लेकानं सांगितलं.

आणि आता हॉलात बाई सांगत होती, "हे आजोबा फक्त चौथी शिकलेत. पण बघा, टेक्नॉलॉजीनं त्यांना किती सुंदर निरोप घेऊ दिला." मागून कुणीतरी म्हणालं, "सो स्वीट!"

गोड काय होतं त्यात? माझी बाई मेलेली, तिचं मरण ह्यांनी ताटात वाढून घेतलं, आणि वर ढेकर.

मी उठलो.

"बाई, तो चेहरा पुसा."

"काका, बसा ना. नंतर बोलू."

"मी हसलो नव्हतो. कुंकू लावत होतो. ते लागलं नाही."

बाईनं माइक खाली घेतला. "सॉरी काका. पण डेटा आता बदलता येत नाही. आणि एका माणसानं निष्कर्ष बदलत नाही हो."

"एका माणसानं? मग त्या एकाला एवढा मोठा करून टांगला कशाला?"

ती तोंड गोड करून म्हणाली, "तुमचा राग आपण फीडबॅक म्हणून नोंदवू या."

म्हणजे रागाचाही चेहरा करणार ही! लाल रंगाचा!

लेकानं माझा सदरा ओढला. "आप्पा, बसा हो. लोक बघतायत."

"बघू दे. मघाशी टाळ्या वाजवताना बघत नव्हते काय?"

फोन त्याच्या हातात दिला. "तिनं घातलेलं काढ आधी. इथंच." त्यानं मान खाली घालून काढलं.

कुणी उठून माझ्या बाजूनं बोललं नाही. पुढचा पडदा आला. दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा. मी खाली बसलो नाही. बाई बोलत होती, मी उभाच होतो. शेवटपर्यंत.

माझ्या बायकोचं कपाळ कोरडं गेलं. ते आता भरून येणार नाही. पण तिच्या मरणावर मी हसलो, हे मी कुणाला म्हणू देणार नाही. बाई पुढं नागोयाला हेच दाखवणार आहे. मी जाणार. उभा राहणार. बसा म्हणणाऱ्यांनी घसा कोरडा करावा.