दोघांच्या अल्बममधला तिसरा माणूस

दुसऱ्या वर्षाला असताना इंग्रजीच्या मॅडमनी प्रत्येकाला एकेक अल्बम ऐकून त्यावर सात मिनिटं बोलायला सांगितलं. भाषा कुठलीही चालेल म्हणाल्या. त्याआधीच्या वेळी मी उभी राहिले होते, ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले होते आणि बसले होते. त्याचेही दोन मार्क मिळाले. उच्चार बरा असावा. या वेळी शेवटपर्यंत बोलायचं, एवढंच मी ठरवलं होतं. आमच्या घरातून मुरबाडच्या कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात कसं बोलतात हे घरी विचारायची सोय नव्हती.

माझ्या वाट्याला दोन परदेशी माणसांचा रॉक अल्बम आला. एक गिटार वाजवून गातो, दुसरा ड्रम वाजवतो. आधी ते खडबडीत, आदळआपटीची गाणी करायचे. इथे मात्र ते जुन्या सोल संगीताकडे वळले होते. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, चर्चमधल्या गाण्यातून आलेलं, नाचवणारं आणि मध्येच डोळे भरून आणणारं संगीत, असं मी नेटवर वाचलं. निम्मे शब्द मला कळत नव्हते, पण मान आपोआप हलायची. मी चार पानं लिहिली. ‘फक्त दोघं’ हे शब्द त्यात सात वेळा होते. दोनच माणसं एवढं भरगच्च कसं वाजवतात, यावरच माझं सगळं भाषण उभं होतं.

रविवारी दुपारी मी ओटीवर मोबाइलवर गाणं लावून सराव करत होते. बाबा शेजारी बेंजोच्या तारा बदलत बसले होते. बेंजो म्हणजे कळा दाबून वाजवायचं तारांचं वाद्य. आमच्याकडच्या हळदींना ते लागतंच. पूर्वी बाबांची सहा जणांची पार्टी होती. गावोगाव डीजे आले, एकेक जण गळाला, आणि आता बेंजोवर बाबा नि ढोलकीवर काका, एवढेच उरलेत. त्या संध्याकाळी त्यांना शहापूरकडच्या एका हळदीला जायचं होतं.

“किती जण हायत?” बाबांनी विचारलं.

“दोघंच.”

“नाय.”

“नेटवर लिहिलंय, बाबा. एक गिटार, एक ड्रम.”

“लिवणाऱ्यानं कधी दोघांत वाजवलंय का? परत लाव.”

मी परत लावलं. बाबांनी पक्कड खाली ठेवली आणि कान मोबाइलकडे नेला.

“गिटारवाला वर गेला बघ. आता खाली तो जाडा सूर कोण धरतोय? ड्रमवाल्याचे हात तर ड्रमवर हायत. आन मागं पेटीपण हाय.” मग त्यांनी मला समजावलं, “आमी दोघं वाजवतो तवा मी वर गेलो का खाली भोक पडतं. तुझा काका ढोलकी घुमवून ते बुजवतो. दोघांच्या वाजवण्यात भोक असतंच गो बाय. ह्यांच्यात भोकच नाय.”

“मग माझं भाषण गेलं.”

“भाषण कशाला जातंय? खालचा सूर नसला तर नाचणाऱ्याचा पाय उचलत नाय. ह्यांना नाचवायचं होतं, म्हणून माणसं बोलवली. तेच सांग.”

“तुमीपण बोलवा की चार माणसं,” आई आतून म्हणाली.

“बोलवतो. तू बस पेटीला.”

बाबा गेल्यावर मी शोधलं. अल्बमच्या माहितीत अगदी खाली बारीक अक्षरांत जादा वादकांची यादी होती: बेस म्हणजे तो खालचा जाडा सूर, ऑर्गन म्हणजे बाबांना ऐकू आलेली पेटी, आणि वर ट्रम्पेट. दुसऱ्या दिवशी ट्रम्पेटचं सांगितलं, तर बाबा म्हणाले, “ते आयकलं होतं. तू आधीच रडायला आलेलीस, म्हणून बोललो नाय.”

मी भाषण नव्याने लिहिलं. पण मॅडमची अट होती, की प्रत्येक विधान कुठून घेतलं ते सांगायचं आणि शेवटी संदर्भांची यादी जोडायची. जादा वादकांसाठी ती बारीक अक्षरं होती. भोकाचं वाक्य मात्र कुठेच छापलेलं नव्हतं. संदर्भ म्हणजे शिकलेल्या माणसाने छापलेलं काहीतरी, अशी माझी समजूत. बाबांची शाळा चौथीला सुटली. मी ते वाक्य दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं, कारण चार पानांत तेवढंच मला खरोखर कळलेलं होतं.

वर्गात त्या वाक्यापर्यंत मी नीट पोचले. मॅडमनी पेन वर केलं. “हे कुठे वाचलंस?”

‘नेटवर’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. बसून घ्यावं असंही वाटलं.

“वाचलं नाय, मॅडम. वडिलांनी सांगितलं. ते हळदीत बेंजो वाजवतात.”

मागे कुणीतरी हसलं. वैशाखरे गावची एक मुलगी मागे वळून म्हणाली, “हसतो काय? आमच्या ताईच्या हळदीला तेच होते. दोघंच. माझी आजी काठी टाकून नाचली.”

“पुढे बोल,” मॅडम म्हणाल्या.

मी बोलले. सात मिनिटांची अकरा झाली, तरी कुणी थांबवलं नाही.

यादीत शेवटी मी लिहिलं होतं, ‘माझे वडील, घरी, तोंडी.’ तास संपल्यावर मॅडमनी कागद परत दिला तेव्हा ‘माझे वडील’ खोडून वर ‘बेंजोवादक’ लिहिलं होतं आणि समोर नावासाठी जागा सोडली होती. मी टेबलाशी उभ्याउभ्याच बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, बाकीच्या संदर्भांसारखं आडनाव आधी.