नांगर वळवलेली जागा

साठीला टेकली तरी सायमी रौताला ही गावातल्या दोन दुकानांपैकी एकाचीच पायरी चढली होती. रस्त्याच्या अलीकडे लालांचं दुकान, पलीकडे पांढऱ्यांचं. साखर दोन्हीकडे सारखीच गोड. पण १९१८ सालच्या यादवीत फिनलंड लाल कामगार आणि पांढरे जमीनदार यांत असा दुभंगला, की पन्नास वर्षांनीही कॉफी कुठून आणायची हे बापाच्या बाजूवरून ठरायचं. सायमीचा बाप कुस्ता जोडे शिवायचा आणि लालांत होता. पांढरे जिंकले आणि त्याला गोळी घातली. सायमी तेव्हा नऊ वर्षांची. त्याला पुरलं कुठे हे कोणी सांगितलं नाही, चर्चमध्येही त्याचं नाव निघालं नाही. आई तेच विचारत विचारत गेली.

सायमीच्या हातच्या वेलचीच्या पावाला तोड नव्हती. लालांकडे लग्न असो की मयत, भट्टी तिचीच. पांढऱ्यांना बिचाऱ्यांना त्याची चवच माहीत नव्हती. म्हणून पांढऱ्या हिएतालांची सून केर्त्तू दारात उभी राहिली तेव्हा सायमीला गंमत वाटली.

"सासऱ्यांना तुमचा पाव हवाय, सायमीबाई."

"आम्ही त्यात विष कालवतो ना?"

"ते सासूबाई म्हणायच्या, मी नाही. चला ना. अन्न सोडलंय त्यांनी. तुम्हीच घेऊन या म्हणतात."

अंथरुणावरच्या सासऱ्याने, एल्यास हिएतालाने, पाव हातात धरला, खाल्ला नाही.

"सतरा वर्षांचा होतो. खड्डा बुजवायला मला लावलं. कुस्ताला ओळखलं मी. माझ्या पायात त्यानेच शिवलेले जोडे होते."

"कुठे?" सायमी पुढे वाकली.

"आमच्या जवाच्या शेतात. बर्चच्या तीन झाडांपाशी."

ती जागा सगळ्यांना ठाऊक होती. उत्तम जमिनीत मधोमध गवताचा तुकडा, आणि दरवर्षी नांगर त्याला वळसा घालून जायचा. एल्यास आळशी आहे, एवढ्या एका बाबतीत लाल-पांढऱ्यांचं एकमत होतं. सायमीही हसली होती.

"पन्नास वर्षं गप्प बसलात, मालक?"

"भ्यालो. नांगर तेवढा वळवला."

तिला संताप आला. हा माणूस रोज खिडकीतून ती जागा बघत होता आणि तिकडे तिची आई झुरत होती! ती उठली, थेट बर्चपाशी गेली आणि गवतात बसून पोटभर रडली.

आठवड्याभरात एल्यास गेला. तेव्हा सायमी पलीकडच्या दुकानाची पायरी चढली आणि फुलांवर बांधायला पांढरी फीत घेऊन आली. लालांनी तोंडं फिरवली. फिरवू देत.

चर्चमध्ये एकेक जण शवपेटीजवळ फुलं ठेवून फितीवरचा मजकूर मोठ्याने वाचत होता. सायमी सगळ्यांत शेवटी गेली. तिने फीत सरळ केली.

"नांगर वळवल्याबद्दल," तिने वाचलं. "कुस्ता रौतालाच्या मुलीकडून."

पन्नास वर्षांत त्या छताखाली ते नाव कोणी घेतलं नव्हतं. तिने ते पुन्हा एकदा वाचलं.