हंसाबाय आणि तिसरं पिल्लू

नवापूरच्या हंसाबायला गप्प राहण्याचा पगार मिळणार, हे कळलं तेव्हा अख्खा मासळीबाजार पोट धरून हसला. चाळीस वर्षं बोईसरला मासे विकलेली बाई ती. आधी तिचा आवाज यायचा, टोपली मागून.

पण काम खरंच तसं होतं. समुद्री गरुड या किनाऱ्यावरून दिसेनासे झाले होते. ते परत वसावेत म्हणून खालच्या कोकणातून तीन पिल्लं आणून खाडीकाठच्या सुरूच्या बनात, उंच पिंजऱ्यात ठेवली होती. त्यांना रोज ताजी मासळी द्यायची, तीही फळीआडून. देखरेखीला आलेल्या समिधानं बजावलं होतं, "मावशी, तोंड दिसता कामा नये आणि आवाज तर मुळीच नको. खाणं माणसाकडून येतं हे त्यांना कळलं, की ती मोकळ्यावर जगत नाहीत."

हंसाबायनं मान डोलावली. आठ दिवस पाळलंही. पण न बोलता कुणाच्या हाती मासा द्यायचा, हे तिला जन्मात जमलेलं नव्हतं. नवव्या दिवशी खाडीतला बोईट मासा आत सारताना तोंडातून गेलंच, "घे गो बाय, ताजा हाय, आताच जाल्यातून काढलाय." आतली दोघं मागे सरली. तिसरी, सगळ्यांत लहान मादी, पुढे आली. मग काय, रोजचा बाजारच सुरू झाला. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, लेक सुरतेला. घरी बोलायला होतं कोण? आणि भाव न पाडणारं गिऱ्हाईक तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं.

पिल्लांच्या पंखांत बळ आलं, तसा पिंजरा उघडला. दोघं गेली ती गेलीच. तिसरी मात्र तीन दिवसांनी थेट किनाऱ्यावर, बोंबील सुकवायच्या बांबूंवर येऊन बसली. खाली हंसाबाय वाटे लावून ओरडत होती. कुत्री भुंकत धावली. विजेच्या तारा तिच्या पंखांपासून हातभर लांब होत्या. हंसाबायच्या काळजात धस्स झालं, आणि खोटं कशाला सांगा, आनंदही झाला.

"माजाच चुकला मॅडम," तिनं समिधाला सांगून टाकलं. "मीच बोलत होती तिच्याशी."

समिधा रागावली नाही. ते हंसाबायला जास्त लागलं.

"आता किनाऱ्यावर तोंड उघडायचं नाही," समिधा म्हणाली. "ती ओरडेल, तरी नाही. बनातल्या मचाणावर मी थोडी मासळी ठेवीन, रोज कमी कमी. स्वतः मासा धरायला शिकली तरच वाचेल."

तीन आठवडे हंसाबायनं बोटांच्या खुणांनी मासे विकले. बाया चिडवायच्या, "मौन धरलंस काय गो?" वर बांबूंवर ती पोर सुकत चाललेली, मान वाकवून केकाटायची. हंसाबायचा हात आपोआप टोपलीकडे जायचा. तो ती मांडीखाली दाबून बसायची.

मग एका दुपारी, भरती चढताना, ती पोर खाडीच्या तोंडावर झेपावली आणि बोईट घेऊन वर आली. सगळ्या बाया ओरडल्या. हंसाबायनं पदर तोंडात कोंबला आणि रडली.

आणखी दहा दिवसांनी समिधा आली. "मावशी, आज हाक मारा. नेहमीसारखी, मोठ्यानं. वळली तर तिला परत पिंजऱ्यात घ्यावं लागेल."

पहिली हाक तिनं दबक्या आवाजातच मारली. दुसरी मात्र पार बाजारातली निघाली, "घे गो बाय, ताजा हाय!" पाण्याच्या वर, हवेत ती पोर तरंगत होती. तिनं मानसुद्धा फिरवली नाही. पंख मारत तारापूरच्या दिशेनं निघाली.

"सुटली, मावशी!" समिधानं तिचे दोन्ही हात धरले.

"सुटली," हंसाबाय म्हणाली. महिनाभर देवाकडे हेच मागितलं होतं. मिळालं, आणि छातीत नुसती कळ उठली.

समिधा वही उघडून लिहायला बसली. हंसाबाय पाण्यापर्यंत चालत गेली, आणि कुणी सांगितलेलं नसताना तिनं हळूच आणखी एकदा हाक मारली.