वाऱ्याच्या तोंडावरचं घर

दिवेआगरच्या किनाऱ्यावर जैनुद्दीन शिंपले भाजून चुना करायचा. पहाटेचा मतलई वारा धूर समुद्रावर नेई, म्हणून भट्टी तेव्हाच पेटवायची, हा त्याच्या बापाचा नियम. एकोणीसशे एकतीस साली व्यापाऱ्याने घाई केली आणि जैनुद्दीनने माती खाल्ली. भट्टी भरदुपारी पेटवली. समुद्रावरच्या वाऱ्याने धूर शेजारच्या रावजीच्या वाडीत घुसला नि पोफळींचा फुलोरा करपला. रावजी तोंडाला येईल ते बोलून गेला. पुढच्या महिन्यात जैनुद्दीनने आपलं घर मोडून भट्टी आणि वाडीच्या मधोमध बांधायला घेतलं.

बायको रहिमुन्निसा कडाडली, "धूर आता आपल्याच घरात येल!"

"व्हय," तो म्हणाला, "म्हणजे पुन्हा दुपारी पेटवली, तर रावजीच्या आधी तू माझं टकुरं फोडशील."