आक्काची डावी टाच

आक्का आधी कमरेत पाय द्यायची आणि मग त्याच माणसाला वाकून नमस्कार करायची. समोरचा सासऱ्याच्या वयाचा असो नाहीतर लेकीच्या. "पाय लागला, माफ कर," म्हणून दोन्ही पावलांना हात लावायची. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे आठवडाभर विड्या वळणाऱ्या या बाईच्या दारात रविवारी सकाळी वाकडी झालेली माणसं उभी असत. मोडनिंबहून एस.टी.च्या मागच्या बाकावर आदळत येणारेही त्यात असत.

मी त्यांतलीच एक. मुलींच्या शाळेत शिकवत होते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझी कंबर जी धरली, ती सुटलीच नाही. खाली पडलेला खडू उचलायचा तर पोरींना सांगावं लागे. डॉक्टरांनी तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, व्यायाम दाखवले. ते मी केले आणि आक्काकडेही गेले. तिच्या पायानं मी बरी झाले असं म्हणणार नाही. पण रविवारी जाऊन आले की गुरुवारपर्यंत खडू माझा मी उचलत असे.

दारात उभी असेपर्यंत मी "बाई, तुमी" असे. चटईवर पालथी पडले की लगेच "तू". मी काही सांगायला लागले की "सुम्न इर," म्हणजे गप पड, असं ती कानडीत दटावायची. "शाळंत बोल की लई. हितं कमरंला बोलू दे." कचेरीतले एक हेडक्लार्क या एकेरीवर फार चिडले होते. पालथं पडून नीट चिडता येत नाही, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं, आणि पुढच्या रविवारी ते मुकाट्यानं रांगेत दिसले.

तिचं काम सगळं डाव्या टाचेचं. आधी टाचेला तेल लावायचं, मग शेगडीच्या काठावर धरून ती शेकायची. "गार टाच लागली की कंबर आकसती," म्हणायची. मग आढ्याला बांधलेला दोर धरून हळूहळू भार द्यायचा. ऊब किती झाली ते टाचेनंच ठरवायचं, हात लावून बघायची पद्धत नव्हती. कुठं धरलंय, कुठं सोडायचं, तेही टाचच सांगे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावरून बायका यायला लागल्या, तेव्हा ती शेगडी दुपारपर्यंत विझत नसे.

तिची स्वतःची कंबरही दुखायची. लहानपणापासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेल्या बाईची दुखणारच. मी एकदा विचारलं, "तुमच्या कमरेचं काय?"

"मला पायाळू कुटनं आणू?" आक्का म्हणाली. "गल्लीत मी एकटीच की."

दुष्काळ सरल्यावर केव्हातरी तिला साखरेचा आजार निघाला. ती गोळ्या घ्यायची, कधी विसरायची. एका रविवारी टाच शेकायला तिनं फार वेळ लावला. मी पालथी पडून वाट बघत होते. टाच कमरेवर आली आणि मी ओरडले. तवा लागावा तसं पोळलं.

"काय झालं गं?" वरून आक्कानं शांतपणे विचारलं.

मी वळून पाहिलं. टाच लाल झाली होती, कातडी सुटली होती, आणि आक्का त्याच पायावर भार देऊन उभी होती.

"पोळलं नाही तुम्हाला?"

ती पायाकडे बघत राहिली. "मला ऊबच लागंना," म्हणाली, "म्हणून ठिवला."

त्याही दिवशी तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. बाहेरच्या माणसांना मात्र सुनेकरवी परत पाठवलं. त्यानंतर तिनं कुणाला पाय लावला नाही.

जखम भरली नाही, काळी पडत गेली. पाय काढला नाही तर जीव जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. सून रडत होती. आक्कानं एवढंच विचारलं, "उजवा घेत न्हाईत का?" तो चांगला आहे, म्हणून डॉक्टरांनी समजावलं. "म्हणून तर म्हनते, त्यो न्या," ती म्हणाली. सुनेनं मला हे सांगितलं तेव्हा मी वह्या तपासत होते. पुढेही तपासत राहिले. काय वाटायला हवं होतं ते मला माहीत होतं, पण आत काही हललंच नाही.

ती घरी आल्यावर भेटायला गेले. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. दोर आढ्याला तसाच होता.

"पडून पडून कंबर धरली," ती म्हणाली. "पाय लाव जरा."

"आक्का, मी कुठं पायाळू आहे?"

"मी तरी कुटं राह्यले आता? लाव."

सुनेच्या आधारानं ती चटईवर पालथी झाली. मी टाच शेकली, हात लावून ऊब दोनदा पाहिली. वडीलधाऱ्या बाईच्या कमरेवर पाय ठेवताना छातीत धडधडेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी दोर धरला आणि भार दिला.

"खाली. आनी खाली. व्हय, हितंच."

मी तिला काही विचारणार होते, तर म्हणाली, "सुम्न इर."

झाल्यावर मी खाली बसले. "पाय लागला, माफ करा," म्हणून दोन्ही हात पुढे केले. उजव्या हाताला तिचं पाऊल लागलं. डावा हात नुसत्या चटईवर टेकला. तो मी उचलला नाही.

"लागला की," चटईत तोंड ठेवूनच आक्का म्हणाली. "बरं वाटलं."